अकराशे चाळीस ग्रॅम

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा स्वयंपाकघरातला वजनकाटा काखोटीला मारून आला, तेव्हाच मी त्याला आज दुकान बंद आहे म्हणून सांगायला हवं होतं. पण दार उघडं होतं, दिवा चालू होता आणि समोर मी बसलेली होते. म्हणून म्हणाले, "या, बसा."

तो बसला नाही. माझ्या टेबलावरची उघडलेली लेन्स, तिचे बारके स्क्रू ठेवलेली बशी, हवा मारायचा फुगा, सगळं त्याने कोपराने मागे सारलं आणि मधोमध काटा ठेवला.

"ताई, दोन महिन्यांनी आम्ही राष्ट्रीय उद्यानात जातोय," तो म्हणाला. "वरच्या तळ्यापर्यंतची चढण. जाऊन-येऊन चौदा किलोमीटर. प्रश्न एकच आहे. लेन्स कोणती न्यायची?"

मी एकोणतीस वर्षं लेन्स दुरुस्त करते आहे. खोली एक, टेबलं दोन. दुसऱ्या टेबलाशी घड्याळं दुरुस्त करणारे काका बसतात, ते दिवसाकाठी चार वाक्यं बोलतात. माझ्याकडे लोक बुरशी आलेल्या, हातातून पडलेल्या, वाळू गेलेल्या लेन्स घेऊन येतात. दुरुस्ती झाली की खात्री करायला फोटो काढून मला दाखवतात, आणि त्यांच्या नकळत आधीचेही दाखवतात. मुलांचे वाढदिवस. मांजर. सूर्यास्त, जरा वाकडा. मी कधी कुणाला हसले नाही. निदान तोंडावर तरी नाही.

"पस्तीस मिलिमीटरची छोटी न्या," मी म्हणाले. "तुमच्याकडे आहेच ती. दोनशे ग्रॅमची. एकच न्या आणि चालायला लागा."

अर्ध्या मिनिटात उत्तर मिळालं, याचाच त्याला अपमान वाटला. तो विमा कंपनीत वरच्या हुद्द्यावर आहे. तिथे त्याचं बोलणं ऐकून घेणं हा हाताखालच्या वीस-पंचवीस माणसांच्या नोकरीचा भाग आहे, त्यामुळे आपण रंजक बोलतो असा त्याचा प्रामाणिक समज झाला आहे.

"असं नसतं, ताई," तो समजुतीच्या सुरात म्हणाला. "तुम्ही दुरुस्तीतल्या. वापरणाऱ्याचा विचार वेगळा असतो."

काकांनी डोळ्याचं भिंग न काढता मान किंचित वर केली आणि परत खाली घातली.

त्यानंतर सात शनिवार तो आला. दर शनिवारी नवी लेन्स. कधी त्याच्या फोटोग्राफी क्लबातल्या कुणाची मागून आणलेली, कधी दुकानातून बघून परत करतो म्हणून आणलेली. प्रत्येकीचं वजन आधी झाकणांसकट, मग झाकणांविना. मग त्याने लॅपटॉप उघडून तक्ता दाखवायचा. तक्त्यात वजन होतं, लांबी होती, कोपऱ्यातली स्पष्टता होती, आणि 'समाधान' असाही एक रकाना होता, त्यात दहापैकी गुण. रुंद दृश्याची लेन्स हवी, कारण तळं मोठं. लांबचं ओढून घेणारी मोठी लेन्स हवी, कारण पलीकडच्या कड्यावर गरुड बसतो म्हणे. पण ती दीड किलोची. मग ती नको. मग गरुडाचं काय? असं बोलत तो माझ्या टेबलाशी उभ्या उभ्या स्वतःशीच भांडायचा, आणि मी हातातलं काम थांबवून ते ऐकावं अशी त्याची अपेक्षा असायची.

वजनाचं वेड पुढे कपड्यांवर गेलं. त्याने मोज्यांच्या आतल्या चिठ्ठ्या कापल्या. दात घासायच्या ब्रशची दांडी अर्धी कापली. त्याच्या पोटाबद्दल मी बोलत नाही, ते तक्त्यात नव्हतं. सहाव्या शनिवारी त्याने पस्तीसची तीच छोटी लेन्स माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाला, "ताई, पुढची ही नावाची धातूची कडी काढली तर चार ग्रॅम वाचतात. काढता का?"

मी काढून दिली. एकोणतीस वर्षांत इतकं निरर्थक काम मी केलं नव्हतं, आणि तेवढंच निगुतीने केलं. तो कडी कागदात गुंडाळून घेऊन गेला. तो जिना उतरल्यावर काकांनी त्या दिवसाचं पहिलं वाक्य उच्चारलं.

"त्या दिवशी न्याहारी करून निघू नका म्हणावं त्यांना."

सातव्या शनिवारी निकाल जाहीर झाला. पस्तीसची छोटी, आणि सोबत एक लहानशी झूम. कॅमेरा, दोन्ही लेन्स, पट्टा, जादा बॅटरी, पुसायचं फडकं, सगळं मिळून अकराशे चाळीस ग्रॅम. त्याने आकडा कागदावर लिहून काट्याशेजारी ठेवला आणि त्याचा फोटो काढला. मी अर्ध्या मिनिटात जे सांगितलं होतं त्यात एका झूमची भर घालायला माणसाला सात आठवडे लागले होते. क्लबात मात्र त्याचं नाव झालं. त्याचं भाषण ठेवायचं ठरलं.

मी त्याच्याबरोबर फाटकापर्यंतही गेले नसते. पण चढणीचे पास मोजकेच मिळतात, त्याने तीन काढले होते, आणि क्लबातल्या मित्राचं ऐन वेळी रद्द झालं. बहिणीचा फोन आला.

"ताई, तू ये ना. मला बरं वाटेल."

आम्ही दोघी बहिणी मिळून कुठे गेलो त्याला अकरा वर्षं झाली होती. मी हो म्हणाले.

बहिणीबद्दल सांगायला हवं. ती मोठ्या रुग्णालयात शस्त्रक्रियेच्या खोलीतली मुख्य परिचारिका आहे. सर्जनने हात पुढे करायच्या आत तिने हत्यार त्याच्या तळव्यात ठेवलेलं असतं. भलेभले डॉक्टर तिच्या एका नजरेने गप्प होतात, हे मी स्वतः पाहिलं आहे. आणि हीच बाई घराचा उंबरठा ओलांडला की 'अहो, चहा ठेवू का' एवढ्यावर येते. मेहुण्याचा मला राग येतो, पण तिचा जास्त येतो. त्याला अक्कल नाही. हिला आहे, आणि ती रुग्णालयातच ठेवून येते.

उद्यानाच्या फाटकाबाहेर गाड्यांची रांग होती. गाडी लावायला पाऊण तास, मग बससाठी रांग, मग पहिल्या कठड्याशी रांग. त्या कठड्यावरून धबधबा दिसतो. तिथे दोन-अडीचशे माणसं एकाच जागी उभी राहून एकच फोटो काढत होती. ज्याचा काढून झाला तो धबधब्याकडे पाठ करून फोटो कसा आलाय ते बघत होता. तिथे एक नवं लग्न झालेलं जोडपं उभं होतं. मेहुण्याने त्यांना गाठलंच.

"तुमच्या कॅमेऱ्याचं वजन किती आहे?" त्याने विचारलं.

मुलगा गोंधळला. "माहीत नाही. का हो?"

"माझं सगळं मिळून अकराशे चाळीस ग्रॅम आहे. सगळं मिळून. चालताना जाणवतसुद्धा नाही."

मुलीने सभ्यपणे "वा" म्हटलं. बहीण दोन पावलं मागे उभी होती. पाठीवर मोठी बॅग, अंगठे पट्ट्यांत अडकवलेले. ती धबधब्याकडे बघत होती.

चढण सुरू झाली आणि तो तुरुतुरु पुढे. काय तो उत्साह. दर वळणावर थांबून आमच्याकडे बघायचा आणि घड्याळाकडे बघायचा. बहीण मागे पडत होती. कपाळावर घाम, ओठ मिटलेले, एकेक पायरी जपून.

"तिचं नेहमीचंच आहे," तो मला म्हणाला. "तिला मी किती वेळा सांगितलं, सामान कमी घे. बायकांना कळत नाही. काय काय भरतात कोण जाणे."

आणि मी, मला सांगायला लाज वाटते, मीही वैतागले. मागे वळून म्हणाले, "तुझं काय चाललंय? रोज आठ-आठ तास उभी असतेस ना? एवढ्यात दमलीस?"

"येते गं. व्हा तुम्ही पुढे," ती म्हणाली.

अर्ध्या वाटेवर वनरक्षकांची लाकडी चौकी आहे. एक बाक, पाण्याचा नळ, मागे स्वच्छतागृह. आत एक वनरक्षक बाई खिडकीपाशी बसून पास बघत होत्या. बहिणीने बॅग काढली, माझ्याकडे दिली, "धर जरा, आलेच" म्हणाली आणि मागच्या बाजूला गेली.

मी एका हाताने बॅग घेतली. ती सरळ माझ्या पायावर आली.

मी ती बाकावर ठेवून उघडली. कुणाची बॅग विचारल्याशिवाय उघडू नये, हे मला कळतं. वर त्याचं लोकरीचं जाकीट. खाली त्याचा डबा, त्याची पाण्याची दुसरी बाटली. त्याखाली एक जाड मोजा, आणि मोज्यात काय आहे ते मला हात लावताच कळलं. दीड किलोची मोठी लेन्स. दुसऱ्या मोज्यात रुंद दृश्याची. टॉवेलात गुंडाळलेली तिसरी, पाचव्या शनिवारी दहापैकी साडेचार समाधान मिळून बाद झालेली. बाजूला कॅमेरा उभा करायचं तिकाटणं, त्याचं डोकं वेगळं काढून ठेवलेलं. तळाशी, एका कोपऱ्यात, बहिणीची स्वतःची एक पातळ शाल आणि दोन केळी.

मेहुणा नळावर तोंड धूत होता. मी त्याला हाक मारली. त्याच्या पट्ट्याला सामान लटकवून तोलायचा छोटा काटा होता, तो मी मागून घेतला. त्याला वाटलं मला कुतूहल आहे, त्याने हौसेने दिला. मी आधी त्याची बॅग अडकवली. तीन किलो चारशे. मग बहिणीची. बारा किलो सहाशे.

"हे काय आहे?" मी विचारलं.

त्याने आकडा बघितला. खरंच सांगते, तो ओशाळला असता तर मी तिथेच विषय सोडला असता.

"ते माझ्या किटमध्ये धरायचं नसतं," तो म्हणाला. "तो बॅकअप आहे."

"बॅकअप तिच्या पाठीवर?"

"ताई, माझी पाठ तुम्हाला माहीत आहे. आणि तिचं तसं स्वतःचं काही सामान नसतंच."

तेवढ्यात बहीण ओले हात झटकत आली. उघडी बॅग बघितली, माझ्या हातातला काटा बघितला.

"उघडलीस," ती म्हणाली.

मग मी जे बोलायला लागले ते थांबले नाही. सात शनिवार, मोज्यांच्या चिठ्ठ्या, ती कडी, तो तक्ता, सगळं काढलं. दीड किलोची लेन्स बायकोच्या पाठीवर टाकून चार ग्रॅमच्या कडीसाठी माझा सबंध शनिवार खाणारा माणूस, असंही म्हणाले. वनरक्षक बाई खिडकीतून बघत होत्या. मेहुणा कॅमेऱ्याचा पट्टा सारखा करत होता. आणि खरं सांगायचं तर मला छान वाटत होतं. सात आठवडे साठलेलं होतं.

"ताई," बहीण शांतपणे म्हणाली, "मला माहीत आहे. बॅग मीच भरली."

ती नवऱ्याकडे वळली.

"अहो, वर तळ्यापाशी तुम्हाला कोणती लागेल?"

"पस्तीसची. नाहीतर झूम. ठरलंय ते."

"नक्की?"

"म्हणजे काय, सगळा विचार केलाय मी."

तिने मान हलवली, बॅगेतून शाल आणि एक केळं काढलं, पाण्याची एक बाटली घेतली आणि बॅग उचलून खिडकीपाशी नेली.

"ही उतरताना घेऊन गेले तर चालेल?"

"आम्ही सामान ठेवत नाही," वनरक्षक बाई म्हणाल्या. मग त्यांनी बॅग एका हाताने उचलायचा प्रयत्न केला, माझ्याकडे पाहिलं, मेहुण्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं, आणि म्हणाल्या, "त्या कोपऱ्यात ठेवा. सहापर्यंत या."

बहिणीने शाल कमरेला बांधली. "मी होते पुढे," म्हणाली आणि निघालीसुद्धा. तिला इतक्या भराभर चालताना मी कितीतरी वर्षांत बघितलं नव्हतं. दुसऱ्या वळणाला ती दिसेनाशी झाली.

मला तिच्यामागे जाता आलं असतं. माझे पाय चांगले आहेत.

पण मेहुणा चौकीत शिरला होता. तो बॅगेपाशी उकिडवा बसला, आणि मला दिसलं की त्याला त्या लेन्स सोडवत नाहीत. वर तळं आहे आणि ह्या इथे खाली आहेत, ही कल्पनाच त्याला सहन होईना. त्याने मोठी लेन्स मोज्यातून काढली. परत घातली. परत काढली. मग रुंद दृश्याचीही काढली. मग तिकाटणं. बॅग त्याची लहान, त्यात काही मावेना. शेवटी एक गळ्यात, एक अंगात चढवलेल्या जाकिटाच्या खिशात आणि तिकाटणं काखेत अशा थाटात तो बाहेर आला.

"ताई, तुम्ही एक धरता का?"

"नाही," मी म्हणाले.

त्यानंतरचे दोन तास मी त्याच्या मागोमाग चालले, आणि ते मी केवळ स्वतःच्या सुखासाठी चालले. खिशातली लेन्स दर पावलाला त्याच्या मांडीवर आपटत होती. तिकाटण्याचा एक पाय सारखा सुटून लोंबायचा, चाप त्याला घट्ट बसवता येत नव्हता, मला येत होता, मी बसवून दिला नाही. आता सगळ्या लेन्स हाताशी आल्या म्हटल्यावर दर वळणाला बदलणं आलं. झाड दिसलं, ही लाव. दगड दिसला, ती लाव. मी प्रत्येक वेळी थांबत होते आणि अगदी आस्थेने विचारत होते, "हीच ना ती, तक्त्यात तिसरी आलेली?" तो धापा टाकत उत्तर द्यायचा. एकदा मी त्याला समाधानाचे गुणही विचारले. त्याने साडेसात सांगितले. तो चिडत नव्हता, त्याला खरंच वाटत होतं की मला रस आहे. त्यामुळे मजा आणखी वाढत होती.

चढताना वरून उतरणारी माणसं भेटत होती. सकाळचं ते जोडपंही भेटलं. मुलीचा चेहरा काहीतरी निराळाच दिसत होता, रडून झाल्यावर दिसतो तसा, पण ती हसत होती.

"लवकर जा," ती मला म्हणाली. "आत्ता सगळं मोकळं आहे. ढग यायला लागलेत."

मी मान डोलावली. मेहुणा खाली वाकून एका शेवाळाचा फोटो काढत होता. मी त्याच्याजवळ उभी राहिले आणि विचारलं, "याला मोठी लेन्स का नाही लावली?" त्याने मला ते समजावून सांगितलं. दहा मिनिटं लागली.

वर पोहोचलो तेव्हा तळं नव्हतं. म्हणजे असणार, पण समोर नुसतं पांढरं होतं. काठावरच्या दहा-बारा पावलांपलीकडे काही दिसत नव्हतं. बहीण एका सपाट दगडावर बसली होती, बूट-मोजे काढून शेजारी नीट ठेवलेले, खांद्यावर शाल.

"कधी आलीस?" मेहुण्याने विचारलं.

"झाला तास-सव्वा तास."

"तेव्हा दिसत होतं?"

"हो."

"फोटो काढलास? फोनवर तरी?"

"फोन बॅगेत राहिला खाली."

त्याने गळ्यातली लेन्स सावकाश काढली. "मग सांग तरी, काय काय दिसलं."

तिने थोडा विचार केला. "सगळं दिसलं," ती म्हणाली.

"म्हणजे प्रकाश कुठून येत होता? डावीकडून?"

पायाला लागलेली माती ती बोटाने खरवडत होती. त्याने तिकाटणं उभं केलं, कॅमेरा बसवला आणि वाट बघायला लागला. दीड तास त्याने वाट बघितली. मध्येच गारा पडल्या, मग थांबल्या, ढग आणखी खाली आला. त्याने त्या पांढऱ्याचेच चाळीसेक फोटो काढले, तीन वेगवेगळ्या लेन्सनी.

उतरताना तो पुढे होता. मी बहिणीबरोबर चालत होते.

"मला तरी सांग," मी म्हणाले.

ती म्हणाली, "पलीकडच्या काठावर बर्फ होता. तो वितळून पाण्यात उतरत होता, त्याचा आवाज येत होता. बारीक. इतक्या लांबून. मी आणि सकाळचं ते जोडपं सोडलं तर बोलणारं कुणी नव्हतं, आणि ते दोघंही बोलत नव्हते." ती थांबली. "मला वाटलं तू माझ्या मागोमाग येशील. मी वाट बघितली तुझी."

"मी त्याच्याबरोबर होते."

"का?"

तिने साधं विचारलं होतं. मला जे उत्तर ठाऊक होतं ते सांगण्याजोगं नव्हतं. दोन तास मी एका लोंबणाऱ्या तिकाटण्याकडे बघत घालवले होते, आणि मला ते तळ्यापेक्षा गोड लागलं होतं. मी म्हणाले, "पाय दुखत होते." तिने माझ्या पायांकडे पाहिलं. चौकीवर तिने बॅग घेतली, ती उघडली, आणि नवऱ्याच्या सगळ्या वस्तू काढून त्याच्यासमोर बाकावर ओळीने मांडल्या. बॅग घडी करून काखेत घेतली. त्याने ते सगळं बसपर्यंत कसं नेलं ते मी बघितलं नाही. या वेळी तिच्या बरोबरीने पुढे गेले.

महिन्याभराने क्लबात त्याचं भाषण झालं. मी दुसऱ्या रांगेत बसले होते. बहिणीची ड्युटी होती. पडद्यावर ते पांढरे फोटो एकामागून एक आले आणि तो त्यांच्याबद्दल संयम, रिकामेपणा वगैरे शब्द वापरत राहिला. शेवटी काट्याशेजारच्या त्या कागदाचा फोटो दाखवला. कुणीतरी हात वर करून विचारलं, यातला एक तर लांबच्या लेन्सने काढलेला वाटतो. तो म्हणाला, झूमची कमाल आहे. चाळीस माणसांनी टाळ्या वाजवल्या. त्यातल्या चौघांच्या लेन्स माझ्याकडे बुरशी काढायला आलेल्या आहेत, त्यामुळे त्यांच्या नजरेबद्दल मला वेगळं सांगायला नको.

त्यानंतर बहीण त्या उद्यानात दोनदा जाऊन आली. रुग्णालयातल्या तिघी-चौघी जणी मिळून जातात, पहाटेच्या पहिल्या बसने. मला हे मेहुण्याकडून कळलं. तो तक्रार करायला आला होता की ती कॅमेरा नेत नाही. मी लगेच तिला फोन लावला.

"मला का नाही विचारलंस?"

"तुला वेळ नसतो ना."

"शनिवारी असतो. खरं काय ते सांग."

पलीकडे ट्रॉलीची चाकं वाजत होती. ती कुणालातरी दोन शब्दांत काही सांगून परत फोनवर आली.

"ताई, तू आलीस की दिवसभर ह्यांच्याबद्दलच बोलशील," ती म्हणाली. "मग ह्यांना घरी ठेवून काय उपयोग?"

मी म्हणाले, त्याचं नावसुद्धा काढणार नाही.

"बघू," ती म्हणाली, आणि तिला कुणीतरी हाक मारली म्हणून तिने फोन ठेवला. अजून तरी बोलावणं आलेलं नाही.